कल्पनेतील भग्नावशेष : पिरानेसीचे एक अम्लरेखन

साहित्यकृतीतील सत्य आणि दस्तऐवजातील सत्य यांत फरक असतो, हे तुम्ही मागे वाचले आहे. मग साहित्यकृतीतील कल्पित भागाला असत्य म्हणायचे काय? या प्रश्नाचा विचार आपण येथे एका चित्राच्या आधारे करू.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) हा व्हेनिसच्या परिसरात जन्मलेला इटालियन कलावंत १७४० मध्ये रोमला आला. तो स्वतःला वास्तुशिल्पी म्हणवून घेत असे. परंतु त्याच्या हातून प्रत्यक्षात एकाच चर्चची पुनर्रचना झाली. त्याची उरलेली वास्तुसृष्टी तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे अम्लरेखनातून साकारली.

अम्लरेखनात पत्र्यावर मेणयुक्त लेप देतात आणि सुईने तो खरवडून चित्र काढतात. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेषा कोरल्या जातात. आम्लाचा संपर्क जितका अधिक काळ, तितकी रेषा खोल आणि छपाईत गडद. पिरानेसीच्या चित्रांतील गडद छाया आणि दूरचा फिकट प्रकाश यांचे मर्म या प्रक्रियेत आहे.

१७५६ मध्ये त्याचा रोमन पुरावशेषांवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दुसऱ्या खंडाच्या आरंभीच्या चित्रात आप्पिया व आर्देआतिना या दोन प्राचीन मार्गांचा संगम दाखविला आहे. दुतर्फा थडगी, स्तंभ, पुतळे आणि अस्थिकलश यांची एकावर एक दाटी झाली आहे. खाली माणसे अगदी इवलीशी दिसतात. असे दृश्य त्या जागी नव्हते. इतकेच नव्हे, तर येथील थडग्यांवर पिरानेसीने ॲलन रॅम्झी व रॉबर्ट ॲडम या आपल्या हयात मित्रांची नावेही कोरली आहेत!

तथापि हे चित्र निराधार नाही. प्राचीन रोममध्ये नगराच्या हद्दीत दफन-दहनास मनाई होती. म्हणून थडगी नगराबाहेरच्या मार्गांलगत बांधली जात. त्याच खंडाच्या आतील पृष्ठांवर पिरानेसीने प्रत्यक्ष थडग्यांचे आराखडे, छेद आणि बांधकामाचे तपशील दिले आहेत. म्हणजे, येथे घटक अभ्यासातून आले आहेत आणि त्यांची जुळणी कल्पनेने केली आहे. सुटे अवशेष जे सांगू शकत नाहीत, ते लुप्त वैभवाचे समग्र भान ही जुळणी देते.

या सामर्थ्याला दुसरी बाजूही आहे. पिरानेसीच्या चित्रांशी परिचित असलेल्या जर्मन कवी गटेला कॅराकलाची स्नानगृहे प्रत्यक्षात तितकी प्रभावी वाटली नाहीत. कल्पनाचित्र वास्तवाची जागा घेऊ लागले, की डोळ्यांसमोरचे वास्तवच उणे भासते.

म्हणून अशा कृतीसमोर ‘हे असेच होते का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘यात अभ्यासाचे काय, कल्पनेचे काय आणि त्यांच्या संयोगातून कोणती जाणीव होते?’ असेही विचारा.

स्वाध्याय : तुम्ही वाचलेल्या एखाद्या ऐतिहासिक कादंबरीतील एक प्रसंग निवडा आणि वरील तीन प्रश्नांच्या आधारे त्याचे विवेचन करा.