धुराड्यातल्या वाफेचे श्रेय कोणाचे?

आगीनगाडीची झुकझुक येते ती धुराड्याच्या तळाशी बसवलेल्या एका आखूड नळीतून. दट्ट्या ढकलून झालेली वाफ या नळीतून जोराने वर सुटते; दोन सिलिंडरच्या इंजिनात मोठ्या चाकाच्या एका फेऱ्याला चार वेळा. रेल्वेतले लोक या नळीला ब्लास्टपाइप म्हणतात. वर जाणारा झोत धुराड्याखालचा धूर आपल्यासोबत ओढून नेतो. तिथे दाब कमी झाला, की बाहेरची हवा भट्टीच्या जाळीतून आत धावते आणि कोळसा रसरसून पेटतो. चढावर इंजिन जितके जास्त राबते, तितकी वाफ जास्त सुटते आणि विस्तवही तितकाच फुलतो. कारखान्यासारखी उंच चिमणी धावत्या इंजिनावर उभारता येत नाही. तिचे काम ही नळी करते. म्हणूनच तिच्या श्रेयावरून इंग्लंडात शतकभर भांडणे झाली आणि त्यातून बरेच गैरसमज उरले.

गैरसमज : ब्लास्टपाइप जॉर्ज स्टीफन्सनने शोधली.

हा समज पसरवण्यात सॅम्युएल स्माइल्सने १८५७ साली लिहिलेल्या स्टीफन्सन-चरित्राचा मोठा वाटा आहे. वाफेचा कर्कश आवाज कमी व्हावा म्हणून स्टीफन्सनने ती धुराड्यात सोडली आणि इंजिनाची ताकद वाढलेली त्याला दिसली, असे हे पुस्तक सांगते. पुस्तक खूप खपले. स्टीफन्सन तोवर हयात नव्हता, पण त्याचा मुलगा रॉबर्ट नामवंत इंजिनिअर होता. बोरघाटाची रेल्वे आखणारा जेम्स बर्कले त्याच्याच हाताखाली शिकला होता. मुंबई-ठाणे मार्गावर १८५३ साली धावलेली इंजिने ज्या व्हल्कन फाउंड्रीत घडली, तिच्या उभारणीतही रॉबर्टचा भाग होता. आपल्याकडे रेल्वे आली ती या घराण्याच्या प्रभावळीतून, त्यामुळे त्याचे नावही आपल्या ओळखीचे झाले.

वस्तुस्थिती दहा वर्षे आधीची आहे. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेव्हिथिकने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनिडॅरन लोखंड कारखान्याच्या रुळांवर आपले इंजिन चालवले. दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे घेऊन ते सुमारे पंधरा किलोमीटर गेले. त्याच महिन्यात आपला मित्र डेव्हिस गिडी याला धाडलेल्या पत्रांतून त्याने या इंजिनाचा वृत्तान्त कळवला. वापरलेली वाफ धुराड्यात जात असते तेव्हा विस्तव इंजिन उभे असतानापेक्षा कितीतरी चांगला पेटतो, हे त्याने त्यात स्वच्छ लिहून ठेवले आहे. स्टीफन्सनचे पहिले इंजिन यायला १८१४ साल उजाडले.

स्टीफन्सनच्या बाजूचे लोक यावर ट्रेव्हिथिकचे १८०२ चे पेटंट पुढे करत. त्यात विस्तवासाठी भात्याचा उल्लेख आहे. झोताचे महत्त्व कळले असते तर भाता कशाला हवा होता, असा त्यांचा सवाल. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. पत्र पेटंटनंतरचे आहे. माणूस रुळांवर इंजिन चालवून पाहतो आणि जे दिसले ते लिहितो, तेव्हा पुरावा म्हणून दोन वर्षांपूर्वीचा अर्ज धरायचा की ते पत्र? विल्यम निकल्सनने तर वाफेच्या झोताने हवा ओढण्याच्या युक्तीवर १८०६ सालीच पेटंट घेतले होते.

गैरसमज : वाफ धुराड्यात सोडली, की झाली ब्लास्टपाइप.

इथे टिमथी हॅकवर्थचे नाव घ्यावेच लागते. स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेची इंजिने सांभाळणाऱ्या या माणसाने १८२७ साली शिल्डनला 'रॉयल जॉर्ज' बांधले. त्यात त्याने नळीचे तोंड निमुळते केले आणि ते धुराड्याच्या बरोबर मधोमध आणले. वाफ नुसती सोडून देणे वेगळे आणि विस्तव फुलवण्यासाठी तिचा झोत घडवणे वेगळे. तोंड रुंद ठेवले तर ओढ कमी पडते, फार अरुंद केले तर दट्ट्यावर उलटा दाब येतो आणि इंधनही उडते. खुद्द हॅकवर्थच्या 'सान्स परेल' इंजिनाचा झोत इतका तिखट होता, की १८२९ च्या रेनहिल चाचण्यांत अर्धवट जळलेला कोक धुराड्यातून बाहेर पडत होता. ते मध्येच बिघडले आणि ५०० पौंडांचे बक्षीस स्टीफन्सन पितापुत्रांच्या 'रॉकेट'ला मिळाले.

गैरसमज : स्टीफन्सनने ही युक्ती हॅकवर्थकडून चोरली.

रेनहिलला स्टीफन्सनच्या माणसांनी गुपचूप 'सान्स परेल'ची नळी पाहून घेतली, अशी कथा हॅकवर्थच्या बाजूने सांगितली गेली. पण वाफ धुराड्यात सोडणे स्टीफन्सनला नवे नव्हते, आणि हॅकवर्थ काही काळ त्यांच्याच न्यूकॅसलच्या कारखान्यात काम करत होता. एकमेकांची इंजिने पाहणाऱ्या या माणसांत कोणती गोष्ट गुपित राहणार होती? शिवाय 'रॉकेट' जिंकले ते बॉयलरमधल्या पंचवीस तांब्याच्या नळ्यांच्या बळावर. ती सूचना हेन्री बूथची होती, आणि फ्रान्समध्ये मार्क सेग्वाँ स्वतंत्रपणे तिथवर पोचला होता. मात्र अशा नळ्यांतून गरम वायू खेचून घ्यायला जोरदार ओढ लागते. सेग्वाँने त्यासाठी पंखे बसवले, 'रॉकेट'मध्ये ते काम वाफेने केले.

ट्रेव्हिथिक मात्र मधली दहाएक वर्षे पेरूच्या खाणी आणि मध्य अमेरिकेत भटकत राहिला. १८२७ साली कार्टाहेना बंदरात तो कफल्लक अवस्थेत रॉबर्ट स्टीफन्सनला भेटला आणि रॉबर्टने त्याला परतीसाठी ५० पौंड दिले. दोघांच्या नावाने पुढे पक्ष भांडले, त्या दोघांत वैर नव्हते. १८३३ साली ट्रेव्हिथिक डार्टफर्डला निष्कांचन वारला. त्याच्या अंत्यविधीचा खर्च कारखान्यातल्या सोबत्यांनी केला.

झोताचा परिणाम रुळांवर पाहून लिहून ठेवण्याचे श्रेय ट्रेव्हिथिकचे, आणि त्या नळीला नेमका आकार देण्याचे मुख्यतः हॅकवर्थचे. मुलांना रेल्वेची गोष्ट सांगताना स्टीफन्सनच्या आधी ही दोन नावे घ्या.