शालेय बागेतील लोकरी पानांच्या वनस्पती

ज्या बहुवार्षिक वनस्पतींच्या पानांवर बारीक केसांचे आवरण असते, त्या बागेस शोभा देतात व निसर्गाभ्यासासही उपयोगी पडतात. हे केस पानाच्या बाह्यत्वचेतूनच वाढतात. त्यांच्यामुळे प्रखर ऊन काही अंशी परावर्तित होते, पानालगतची हवा स्थिर राहते आणि बाष्प कमी उडते.

परंतु उन्हाळ्यात तारक ठरणारे हे आवरण पावसाळ्यात मारक ठरू शकते. तुर्कस्तान व इराणकडील स्टॅकिस ही वनस्पती कोकराच्या कानासारख्या पानांसाठी परदेशी बागांत आवडीने लावतात. पुण्यात मात्र वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो. केसांत पाणी अडकून अशी पाने कुजतात. रोप मलूल दिसताच मुले प्रेमाने आणखी पाणी घालतात आणि कुजलेल्या मुळांचे रोप लवकरच मरते.

म्हणून कर्वेनगर, म्हणजेच पूर्वीचे हिंगणे बुद्रुक, व आसपासच्या शाळांनी इथल्या हवेत टिकणाऱ्या वनस्पती निवडाव्यात. पानओव्याची पाने जाड, मऊ व सुगंधी असतात. समुद्रशोकाच्या मोठ्या वेलीची पाने खालून रेशमी पांढरी दिसतात. रुईच्या पानांवर पांढरी लव असते व त्यांवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात. तथापि रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक आहे व समुद्रशोकाचे बी पोटात गेल्यास विषबाधा होते. यास्तव या दोन वनस्पती मुलांच्या वाफ्यात न लावता कुंपणापाशी लावाव्यात व त्या केवळ पाहण्यासाठीच आहेत हे मुलांस बजावावे.

पानओव्याची वीतभर फांदी मातीत खोचल्यास दोन-तीन आठवड्यांत मुळे धरते. मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. वाफा जमिनीपेक्षा उंच असावा. माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे व ते पानांवर न शिंपडता बुंध्याशी घालावे.

मुलांकडून एक प्रयोग करवून घ्यावा. पानओव्याच्या दोन कुंड्या घ्याव्यात. एकीस तळाशी भोक असावे, दुसरीस नसावे. दोहोंस रोज सारखेच पाणी घालून महिनाभर नोंदी ठेवाव्यात. अखेरीस दोन्ही रोपे उपटून मुळे दाखवावीत. प्रत्येक मलूल रोप तहानलेलेच असते असे नाही, ही गोष्ट मुलांस त्या मुळांवरून जितकी स्पष्ट होईल, तितकी पाठातून होणार नाही.