एका पायावर उभं राहण्याची ताकद

नंदुरबारच्या जिममध्ये संध्याकाळी गर्दी असते ती बेंच प्रेस आणि डंबेलभोवती. भिंतीलगतची, गुडघ्यांच्या बाहेरून दोन गाद्या लावून बसायची मशीन मात्र बहुतेक वेळा रिकामी. 'ती बायकांची' असं मुलांनी ठरवूनच टाकलंय. या जिममधली निम्मी मुलं पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांना 1600 मीटर धावायचं असतं, आणि धावताना गुडघा आत कलू न देणारा स्नायू नेमका याच मशीनवर तयार होतो.

मी पाहत होतो ती मुलगीही भरतीचीच. तिला 800 मीटर धावायचं आहे. काही मिनिटं सायकल मारून ती मशीनवर बसली. पाठ टेकवली, पाय पायट्यांवर ठेवले. ट्रेनरने बाजूचा खटका ओढून गाद्यांमधलं अंतर ठरवलं. गुडघे एकमेकांना चिकटलेले ठेवले नाहीत, थोडे उघडे ठेवले. यामागे कारण आहे. पाय पार आत आले की मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर स्नायूचा शेवट दाबला जातो, आणि कुशीवर झोपताना ज्यांचा तो भाग दुखतो त्यांना हा दाब सोसत नाही. चाळिशीपुढच्या बायकांमध्ये हे दुखणं बरंच आढळतं.

पिन वरच्या प्लेटमध्येच होती. श्वास सोडत तिने गुडघे बाहेर ढकलले, क्षणभर थांबली आणि दोन-तीन सेकंद घेत परत आली. प्लेट आपटली नाही. "सोडू नको ताई, धरून आण," ट्रेनर म्हणत होता. सगळं मर्म या परतीत आहे. बाहेर ढकलायला झटकाही पुरतो, पण परत येताना वजन धरून ठेवायचं तर स्नायूलाच राबावं लागतं. दहा-बारा वेळांनंतर तिच्या चेहऱ्यावर ताण दिसू लागला, तेव्हा तिने हात लावून जागा दाखवली: पॅन्टच्या बाजूच्या खिशाच्या वर, जरा मागे. ताण तिथे जाणवला तर व्यायाम बरोबर. मांडीच्या पुढच्या भागात जाणवला, कंबर सीटवरून उचलली गेली किंवा धड डोलायला लागलं, तर वजन जास्त झालं असं समजावं. तिच्यानंतर एक तरुण बसला. त्याने पिन थेट खाली घातली आणि धक्के मारून पाय उघडले. प्लेटचा आवाज जिमभर झाला, पण कुल्ल्याच्या त्या स्नायूला फारसं काही मिळालं नाही.

त्या स्नायूचं नाव ग्लुटियस मीडियस. त्याच्याखाली त्याचा लहान भाऊ, ग्लुटियस मिनिमस. पाय बाहेर नेणं हे त्यांचं पुस्तकातलं काम. रोजचं काम वेगळं आहे. चालताना जवळपास ऐंशी टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो. त्या वेळी उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडू न देणं, हे टेकलेल्या पायाच्या बाजूच्या स्नायूचं काम. असमान दांड्यांचा तराजू डोळ्यांसमोर आणा. शरीराचं वजन लांब दांडीवर, स्नायू आखूड दांडीवर आणि मधला काटा म्हणजे खुब्याचा उखळीचा सांधा. आखूड दांडीमुळे स्नायूला वजनाच्या जवळपास दुप्पट ओढ द्यावी लागते, आणि दोन्ही मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो. माणूस 60 किलोचा असेल तर दर पावलाला दीडशे किलोच्या वर. म्हणूनच खुबा दुखत असेल तर काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते, विरुद्ध हातात धरायची असते. काठीचा थोडासा आधारही लांब दांडीवर पडतो आणि स्नायूचं ओझं बरंच उतरतं. आपल्याकडे बरीच म्हातारी माणसं काठी चुकीच्या हातात धरतात, आणि त्यांना कोणी सांगत नाही.

फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये या स्नायूच्या ताकदीची साधी परीक्षा मांडली. एका पायावर उभं राहा. उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकली, तर टेकलेल्या पायाचा खुबा कमजोर आहे. आरशासमोर कोणालाही करता येते.

इथेच मशीनची मर्यादा कळते. मशीनवर कंबर सीटवर स्थिर असते आणि पाय हलतात. चालताना पाय जमिनीवर स्थिर असतो आणि कंबर सांभाळायची असते. शिवाय बसल्यावर खुबा काटकोनात वाकलेला असल्यामुळे ओढीची दिशा बदलते आणि मोठ्या नितंब-स्नायूचा वरचा भाग व आतले छोटे स्नायू जास्त काम उचलतात. मशीन वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. निजलेल्या स्नायूला जागं करायला, वजन मोजून वाढवायला तिच्याइतकं सोयीचं साधन नाही. पण मशीनवरून उठल्यावर पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, गुडघ्यांभोवती रबरी पट्टा घालून आडवं चालणं, हेही करायलाच हवं. त्या मुलीकडून ट्रेनरने ते करून घेतलं. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर डोक्यावर हंडा घेऊन चढ-उतार करणाऱ्या बायकांना हा व्यायाम आयुष्यभर घडतो, नको तितका घडतो. दुकानाच्या गादीवर, मोटारसायकलवर, संगणकासमोर दिवस काढणाऱ्यांना तो मुद्दाम करावा लागतो.

आता या जिल्ह्यापुरती एक गोष्ट, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकल सेलचा आजार आहे. वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटतं आणि हाड आतून मरू लागतं. हे म्हातारपणाची वाट पाहत नाही. विशी-पंचविशीतला तरुण जांघेत किंवा गुडघ्यात दुखतंय म्हणतो, जरा लंगडतो आणि 'स्नायू कमजोर आहे' असं ऐकून मशीनवर बसतो. सुरुवातीला एक्स-रेसुद्धा स्वच्छ दिसू शकतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं. अशा सांध्यावर वजन वाढवत जाणं धोक्याचं आहे. ज्यांना हा आजार असल्याचं माहीत आहे त्यांनी व्यायाम बंद करायचं कारण नाही. डॉक्टरांना विचारून, हलक्या वजनाने, मध्ये थांबत करावा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर पाण्याची बाटली हाताशी हवीच, कारण शरीरातलं पाणी कमी झालं आणि दमछाक झाली की दुखण्याचा झटका येऊ शकतो.

जिम चालवणाऱ्या भावांना आणि ताईंना म्हणूनच विनंती आहे. लंगडत आलेल्या किंवा जांघ धरून बसणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी मशीन दाखवू नका. त्याला आधी दवाखान्यात पाठवा. सिकल सेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.