फोन हातात नको, स्टँडवर हवा

फोनचा किंवा वेबकॅमचा स्टँड ही वस्तू आपल्याकडे अजून चैनीत मोजली जाते. हजारो रुपयांचा फोन मागेपुढे न पाहता घेणारे लोक तो ठेवण्यासाठी काहीशे रुपये खर्च करायला तयार नसतात. भिंतीला, पाण्याच्या बाटलीला टेकवला किंवा घरातल्या कुणाला तरी धरायला सांगितला की काम भागते, असा समज असतो. दोन मिनिटांच्या गप्पांपुरते ते भागतेही. पण दिवसाचे आठ तास पडद्यासमोर काढणाऱ्याच्या मानेचे त्याने भागत नाही आणि व्हिडिओवरून रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांचेही नाही.

मुळशी तालुक्यात या दोन्ही गरजा शेजारी-शेजारी आहेत. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल याच तालुक्यात येते आणि भातशेतीचे कोळवण खोरेही. २०२०च्या टाळेबंदीत घरून काम करण्याची पद्धत आली आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ती टिकली. त्याच वर्षी २५ मार्चला केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही मोफत सेवा सुरू झाली. त्यामुळे एकाच घरात मुलगा कॅमेऱ्यासमोर बसून कंपनीची मीटिंग करतो आणि आजी त्याच फोनवरून डॉक्टरांशी बोलते, हे आता नवलाचे राहिलेले नाही. दोघांना लागणारा स्टँड एकच असू शकतो. फक्त तो निवडताना आणि लावताना काय पाहायचे, हे ठाऊक हवे.

मानेवरचा भार

पाण्याने भरलेला तांब्या छातीजवळ धरला तर जड वाटत नाही. तोच हात लांब करून धरा, मिनिटभरात खांदा बोलू लागतो. वजन तेवढेच असते, आधारापासूनचे अंतर वाढलेले असते. मानेचेही तसेच आहे. मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलोचे. ते सरळ असताना मणक्यांच्या माथ्यावर तोललेले राहते. फोन पाहण्यासाठी ते पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रारूपावरून याचा हिशेब मांडला होता. मान १५ अंश झुकली तर मणक्यावरचा ताण सुमारे १२ किलो, ३० अंशांना १८ किलो आणि ६० अंशांना २७ किलोच्या आसपास जातो.

हे आकडे वाचून घाबरून जाऊ नये. हे गणित आहे, निदान नव्हे. मान झुकवणाऱ्या प्रत्येकालाच दुखणे लागते असे नाही, आणि या विषयावरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. मात्र ज्यांची मान आधीच दुखते, त्यांना पडदा वर आणल्यावर बरे वाटते, हा अनुभव नेहमीचा आहे. औषधाच्या गोळीपेक्षा हा उपाय स्वस्त आहे आणि त्याला दुष्परिणाम नाहीत.

डॉक्टरांना काय दिसायला हवे?

व्हिडिओवर रुग्ण पाहताना डॉक्टरांना हात लावून तपासता येत नाही. उरतात ते डोळे आणि कान. चित्र हलत असेल, तर डोळेही निकामी होतात.

एक उदाहरण घेऊ. लहान मुलाला खोकला, ताप आहे आणि आई म्हणते, ‘पोट उडतंय.’ हा न्यूमोनिया असू शकतो का, हे ठरवण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे: श्वास मोजणे. मूल शांत असताना, छाती-पोट उघडे ठेवून, पूर्ण ६० सेकंद मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास असतील, तर तो वेग धोक्याचा मानतात. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, हेही पाहायचे असते. फोन आईच्याच हातात असेल, तर तिच्या श्वासाबरोबर, तिच्या घाबरलेल्या हाताबरोबर चित्र हलते. बाळाची छाती हलली की कॅमेरा, हे पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना कळत नाही. फोन खाटेच्या कडेला घट्ट बसवलेला असेल, तर आईचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे राहतात आणि मोजणी नीट होते. त्या एका मिनिटावर भर पावसात बाळाला लगेच पौडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचे की घरी औषध देऊन लक्ष ठेवायचे, हा निर्णय अवलंबून असतो.

हेच इतर तपासण्यांना लागू पडते. हाताला कंप सुटतो म्हणणाऱ्या आजोबांचा हात थरथरतो की फोन, हे स्थिर कॅमेऱ्यातच समजते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरची चाल पाहायची तर फोन कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फूट दूर हवा. अंगावरचे चट्टे दाखवायचे तर खिडकीच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून, एक लांबून आणि एक जवळून असे दोन फोटो घ्यावेत. नाण्यामुळे आकाराचा अंदाज येतो. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची असतील तर व्हिडिओ सल्ला आवश्यक आहे, आवाजावर भागत नाही. म्हणूनही नीट दिसणे महत्त्वाचे.

कोणता स्टँड घ्यावा?

दुकानात साधारण चार प्रकार मिळतात. पहिला, टेबलावर ठेवायचा घडीचा छोटा स्टँड. स्वस्त आणि स्थिर, पण बहुतेकांची उंची वीतभरच. त्यावर फोन ठेवला तरी मान खालीच राहते. घ्यायचाच तर दांडा वर सरकणारा घ्यावा.

दुसरा, हवा तसा वाकणारा लवचीक दांडा. दुकानदार त्याला ‘गूजनेक’ म्हणतात. खाटेला, खिडकीच्या गजाला, टेबलाला कुठेही बसतो, हा त्याचा गुण. दोष असा, की लांबी वाढली की तो लोंबतो आणि टेबलावर टाइप करताना थरथरतो. इथेही तांब्याचाच नियम आहे. २०० ग्रॅमचा फोन आधारापासून ३० सेंटिमीटरवर जेवढा भार टाकतो, त्याच्या दुप्पट ६० सेंटिमीटरवर टाकतो. म्हणून गरजेपेक्षा लांब दांडा घेऊ नये.

तिसरा, कोपरासारखे सांधे असलेला, टेबलाच्या दिव्याच्या धर्तीचा दांडा. रोज काम करणाऱ्यांसाठी हा सर्वांत सोयीचा. उंची आणि अंतर दोन्ही बदलता येते आणि एकदा घट्ट केला की जागा सोडत नाही. चौथा, तिपाई. रुग्णाची चाल किंवा व्यायाम दाखवायला ती उत्तम, पण घरात लहान मुले धावत असतील तर पायात येते.

खरेदीपूर्वी घरी तीन मापे घ्यावीत. एक, टेबलाच्या कडेची जाडी. क्लॅम्प, म्हणजे सुतारांच्या भाषेतला शिकंजा, तेवढा उघडतो का ते पाहावे. दोन, खुर्चीत नीट बसल्यावर टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची. दांडा तिथवर पोचला पाहिजे. तीन, फोनची कव्हरसकट रुंदी आणि वजन. आजचे बरेच फोन १७० ते २३० ग्रॅमचे असतात.

दुकानात आपलाच फोन लावून पाहावा. पकड बाजूची बटणे दाबते का? चार्जरची जागा झाकली जाते का? दांडा बोटाने हलकेच ढकलल्यावर किती वेळ डुलतो? वेबकॅमसाठी घेत असाल तर त्याच्या तळाला स्क्रूचे छिद्र आहे का, ते पाहा. कॅमेऱ्यांमध्ये बहुधा पाव इंची आटे असतात आणि बहुतेक स्टँडही त्याच मापाचे असतात. छिद्रच नसेल, तर पकडीने धरणारा स्टँड लागेल.

काचेच्या टेबलाला क्लॅम्प कधीही लावू नये. प्लास्टिकच्या टेबलाची कड दुमडलेली असते, तिथे तो निसटतो. खाली-वर प्लायचा छोटा तुकडा ठेवून आवळावा.

खर्च करायचा नसेल, तर पर्यायही घरातच आहे. डब्यांच्या किंवा पुस्तकांच्या उतरंडीवर तांदळाने अर्धी भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवा आणि तिच्यात फोन रोवा. तो हवा तसा तिरका राहतो आणि घसरत नाही. आंबेमोहोर पिकवणाऱ्या भागात एवढे तांदूळ कुणाकडेही निघतील.

लावायचा कसा?

मीटिंग किंवा सल्ल्यासाठी कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणि फोन हातभर अंतरावर ठेवावा. उजेड समोरून यावा. पाठीमागे उघडी खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. चाळिशीनंतर दुहेरी भिंगांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी पडदा थोडा खाली ठेवावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते आणि मान उलट दिशेने दुखू लागते.

लॅपटॉप उंचावला तर कीबोर्ड आणि माउस वेगळा घ्यावाच लागतो. तसेच स्टँडवरच्या फोनवर हात उचलून लांबलचक संदेश लिहू नयेत, खांदे भरून येतात. स्टँड पाहण्या-बोलण्यासाठी आहे. आणि कितीही चांगला स्टँड असला तरी अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. एकाच स्थितीत बसून राहणे हेच मुळात स्नायूंना आवडत नाही.

स्टँडने जे भागणार नाही

मानेच्या दुखण्याबरोबर हातात मुंग्या किंवा बधिरपणा येणे, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप असणे किंवा दुखणे पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेले असणे, यांपैकी काही असेल तर स्टँड बदलत बसू नये. डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावे. छातीत दुखणे, अचानक तोंड वाकडे होणे, धाप, बेशुद्धी, तसेच मूल दूध न पिणे, निपचित पडणे किंवा झटके येणे, यांत व्हिडिओ जोडण्यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा.

रेंज नसेल किंवा ॲप जमत नसेल, तर जवळच्या उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात आणि रक्तदाब, साखर तिथेच मोजून सांगू शकतात. घरून सल्ला घेणार असाल, तर फोन लावण्याआधी तीन गोष्टी जवळ असू द्या: चालू गोळ्यांची पाकिटे, जुने कागद आणि थर्मामीटर. फोन आधीच स्टँडवर बसवून, कॅमेरा सुरू करून स्वतःला एकदा पाहून घ्या. तुम्हाला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसला, तरच तो डॉक्टरांनाही दिसेल.