नगरची ॲना : एका व्हिक्टोरियन स्त्रीच्या कुळाचा माग

२५ डिसेंबर १८४९. नाताळच्या दिवशी पुण्याच्या अँग्लिकन चर्चमध्ये एक साधंसं लग्न लागलं. नवरी ॲन हॅरिएट एडवर्ड्स, वय अठरा. नवरा टॉमस लिऑन ओवेन्स, आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातून पलटणीबरोबर आलेला, साध्या शिपायाचा पलटणीच्या पगार-कचेरीतला कारकून झालेला तरुण. नोंद करताना त्यानं आपलं मधलं नाव आणि आडनाव जोडून ‘लिओनोवेन्स’ असं लिहिलं. त्याच नोंदीवर नवरीच्या सावत्र वडिलांची, पॅट्रिक डोनोहो यांची सही आहे.

ही नवरी पुढे जगप्रसिद्ध झाली. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, दरबारातली इंग्रज शिक्षिका ॲना लिओनोवेन्स ती हीच. मार्गारेट लँडन यांनी १९४४ साली तिच्यावर कादंबरी लिहिली. त्या कादंबरीवरून १९५१ मध्ये ‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक आलं आणि १९५६ मध्ये त्याचा चित्रपट झाला. पण प्रसिद्धी मिळाल्यावर ॲनानं सांगितलेल्या कहाणीत पुण्यातलं हे लग्न फार वेगळं दिसतं. तिच्या सांगण्याप्रमाणे नवरा लष्करी अधिकारी होता आणि सावत्र बापाचा लग्नाला कडवा विरोध होता. चर्चच्या वहीतली सही मात्र त्याची संमती सांगते.

तिनं स्वतःच्या हातानं पुसलेलं आयुष्य अशाच नोंदींतून पुन्हा उभं राहिलं. त्या शोधाची वाट ठाणे, नगर, भायखळा आणि पुणे या आपल्याच गावांतून जाते, म्हणून मराठी वाचकानं ती जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

तिनं सांगितलेली कहाणी

ॲनानं जगाला सांगितलं ते असं. जन्म १८३४ सालचा, वेल्समधल्या कारनार्वन गावी. वडील कॅप्टन क्रॉफर्ड, शिखांशी झालेल्या लढाईत कामी आलेले. शिक्षण विलायतेत, आणि हिंदुस्थानात पहिलं पाऊल वयाच्या पंधराव्या वर्षी. नवरा मेजर लिओनोवेन्स, वाघाच्या शिकारीहून परतताना उष्माघातानं गेला. धाकटा मुलगा लुई लंडनमध्ये जन्मला.

ही कहाणी तिच्या हयातीत कुणी तपासली नाही. १८७० साली तिचं सयामच्या दरबारावरचं पुस्तक निघालं. त्यानंतर ती अमेरिकेत व्याख्यानं देत फिरली, पुढे कॅनडात स्थायिक झाली आणि १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियलमध्ये वारली. माउंट रॉयल दफनभूमीतल्या तिच्या थडग्यावरही ‘मेजर’ लिओनोवेन्सची पत्नी असंच कोरलेलं आहे. नातेवाइकांनी ते खरं मानलं, चरित्रकारांनी तसंच उतरवून घेतलं.

मुलाच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात

ही गाठ सोडवली डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी. ते पेशानं इतिहासकार नव्हते. कोळी या अष्टपाद जीवाच्या जातींचे ते नावाजलेले अभ्यासक होते आणि त्या निमित्तानं थायलंडला त्यांचं जाणं-येणं असे. ॲनाचा मुलगा लुई मोठेपणी सयामला परतला होता आणि तिथे त्यानं सागवानाच्या व्यापारात नाव काढलं होतं. ब्रिस्टो त्याचं चरित्र लिहायला बसले. लंडनमध्ये जन्मलेल्या माणसाचा जन्मदाखला काढणं ही चरित्रकाराची पहिली पायरी. तो दाखला त्यांना सापडला नाही.

या एका न सापडलेल्या कागदाचं महत्त्व समजून घ्यायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. ॲनानं स्वतःचा जन्म १८३४ सालचा सांगितला होता. तो सरकारी दप्तरात असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तिथे तिला पकडणं कठीण होतं. लुईचा जन्म मात्र १८५६ सालचा. तो लंडनमध्ये झाला असता तर सूचीत नाव मिळण्याची चांगली शक्यता होती. आईच्या आयुष्यातली न तपासता येणारी गोष्ट मुलाच्या आयुष्यातल्या तपासता येणाऱ्या गोष्टीनं उघडी पडली. कुळाचा शोध घेणाऱ्यांचा हा जुना अनुभव आहे : ज्या व्यक्तीची वाट बंद होते, तिच्या मुलाबाळांच्या आणि भावंडांच्या नोंदींतून पुढे जाता येतं.

ब्रिस्टो यांचं पुस्तक १९७६ साली आलं. पुढे सुसान मॉर्गन यांनी २००८ मध्ये ‘बॉम्बे ॲना’ आणि आल्फ्रेड हेबेगर यांनी २०१४ मध्ये ‘मास्क्ड’ या चरित्रांतून तपास आणखी खोल नेला.

पाद्र्यांच्या वह्या

लंडनमध्ये नाही, वेल्समध्ये नाही, मग कुठे? उत्तर ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तरात होतं. हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये कंपनीचा पाद्री बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवी. त्या वहीच्या नकला इलाख्याच्या मुख्य ठिकाणी जात आणि तिथून लंडनला रवाना होत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन मालिका आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक एन-३. वाळवी, ओल आणि पावसाळा यांनी इथल्या कित्येक मूळ वह्या गिळल्या असतील, पण लंडनला गेलेल्या नकला टिकल्या. आज त्यांतला मोठा भाग संगणकावर शोधता येतो आणि १९९८ पासून काम करणाऱ्या ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’नंही आपल्या सूची सर्वांना खुल्या ठेवल्या आहेत.

या वह्या बायकांची चरित्रं लिहिण्यासाठी ठेवलेल्या नव्हत्या. स्त्री त्यांत येते ती कुणाची तरी मुलगी, बायको, आई किंवा विधवा म्हणून. तरीही तारीख, गाव, नवऱ्याचा हुद्दा आणि साक्षीदारांच्या सह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की हळूहळू घर दिसायला लागतं. लष्करी हजेरीपट त्याला जोड देतात, कारण पलटण जिथे हलली तिथे कुटुंब हललं.

ठाणे, नगर, भायखळा

हे घर असं दिसलं. १५ मार्च १८२९ रोजी ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चमध्ये मेरी ॲन ग्लासकॉट हिचं टॉमस एडवर्ड्सशी लग्न झालं. बिशप हेबर यांनी १८२५ साली प्रतिष्ठापना केलेलं हे चर्च तेव्हा अगदी नवं होतं. एडवर्ड्स मूळचा इंग्लंडमधला सुतार, कपाटं-मेजं घडवणारा. कंपनीच्या लष्करात तो सार्जंट झाला होता. १८३० मध्ये थोरली मुलगी एलायझा जन्मली. पुढच्या वर्षी एडवर्ड्स वारला आणि त्यानंतर काही महिन्यांनी, २६ नोव्हेंबर १८३१ रोजी, अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, धाकटी ॲन जन्मली. कॅप्टन क्रॉफर्ड नावाचा बाप कधी नव्हताच. होता तो मुलीचं तोंड न पाहता गेलेला सार्जंट.

दोन तान्ह्या मुली पदरात घेऊन छावणीत उरलेल्या तरुण विधवेला फारसे मार्ग नव्हते. लगोलग पुनर्विवाह ही तिथली सर्रास रीत होती. मेरी ॲननं १८३२ मध्ये पॅट्रिक डोनोहो या आयरिश कॉर्पोरलशी लग्न केलं. मॉर्गन यांच्या मते ॲना भायखळ्याला बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकली असावी. १८१५ साली निघालेली ही संस्था छावण्यांतल्या गरीब, अनाथ आणि मिश्रवंशीय मुलामुलींना शिकवत असे. देवळालीची बार्न्स शाळा हा त्याच संस्थेचा पुढचा विस्तार.

एलायझाची नोंद वाचताना मन कळवळतं. २४ एप्रिल १८४५ रोजी गुजरातेतल्या डीसा छावणीत, पंधराव्या वर्षी, तिचं लग्न जेम्स मिलर्ड या अडतीस वर्षांच्या सार्जंट-मेजरशी लागलं. ॲनाला हे लग्न कधीच पटलं नाही आणि पुढे तिनं बहिणीशी संबंधच तोडले. एलायझाच्या मुलीचं लग्न १८६४ मध्ये एडवर्ड प्रॅट या सरकारी अधिकाऱ्याशी झालं. त्यांचा मुलगा विल्यम हेन्री प्रॅट १८८७ साली जन्मला. तोच १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ चित्रपटातला नट बोरिस कार्लोफ. ॲनाचा आणि कार्लोफचा, हे दोन्ही वंश ठाण्याच्या एकाच लग्नातून निघाले, हे जगाला कळलं ते या वह्यांमुळे.

पर्थहून पिनांगला

लग्नानंतरची दहा वर्षं ॲनाच्या आयुष्यातली सगळ्यांत खडतर. डिसेंबर १८५० मध्ये पहिली मुलगी सेलिना झाली आणि सतराव्या महिन्यात गेली. १८५२ साली हे जोडपं सिंगापूरमार्गे ऑस्ट्रेलियाला निघालं. वाटेत, समुद्रावरच, टॉमस नावाचा मुलगा झाला. मार्च १८५३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचं जहाज खडकांवर फुटता फुटता वाचलं. पर्थला पोचल्यावर ॲनानं मुलींसाठी शाळा काढायची धडपड केली. मार्च १८५४ मध्ये तेरा महिन्यांचा टॉमस गेला. त्याच वर्षी ॲव्हिस जन्मली. १८५६ मध्ये लिंटन या कैद्यांच्या दूरस्थ वसाहतीत, जिथे नवरा कारकुनी करत होता, तिथे लुई झाला. लंडनमध्ये न मिळालेला दाखला इथे होता, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदणी १८४१ पासूनच चालू होती. हेबेगर आणि जेरार्ड फॉली यांनी तिथल्या दप्तरातून आणि वर्तमानपत्रांतून ही चार वर्षं लावून दिली.

१८५७ मध्ये कुटुंब सिंगापूरला आलं आणि नवरा पुढे पिनांगला हॉटेल सांभाळू लागला. मे १८५९ च्या पहिल्या आठवड्यात तो मेंदूतल्या रक्तस्रावाच्या झटक्यानं वारला. जॉर्जटाउनच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याला पुरलं. वाघ नव्हता, शिकार नव्हती, मेजरही नव्हता. सत्ताविशीतली एक विधवा होती, दोन मुलं गमावलेली आणि दोन सांभाळायची असलेली.

तिनं हे का लपवलं

या विधवेनं सिंगापुरात शाळा काढली आणि १८६२ मध्ये सयामचा राजा मोंगकुट याच्या बायका-मुलांना शिकवायला ती बँकॉकला गेली. सिंगापूर हा तिच्या आयुष्यातला खरा उंबरठा. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. तिथे तिनं नवी जन्मकथा धरली आणि ती मरेपर्यंत सोडली नाही.

तिला खोटारडी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. थायलंडला तिच्यावर राग असण्याचं कारण आहे, कारण राजाबद्दल तिनं लिहिलेल्या अनेक गोष्टी तिथले अभ्यासक नाकारतात. पण स्वतःच्या जन्माबद्दल ती जे बोलली त्याचा न्याय वेगळा करावा लागेल. कंपनीनं १७९१ आणि १७९५ साली नियम करून हिंदी रक्ताच्या संततीला मुलकी आणि लष्करी अधिकारपदांची दारं बंद केली होती. पुढच्या दोन-तीन पिढ्या कुणाची आजी कोण, यावर माणसाचा पगार, सोयरीक आणि दिवाणखान्यातली खुर्ची ठरत असे. छावणीत वाढलेल्या सार्जंटच्या मुलीला इंग्रजांनी आपली मुलं शिकवायला दिली नसती. वेल्समधल्या कॅप्टनच्या मुलीला दिली.

त्या बळावर तिनं जे केलं ते खरं आहे. १८८७ साली कॅनडातल्या हॅलिफॅक्सला तिनं कलाशाळा उभारण्यात पुढाकार घेतला, ती आज कला विद्यापीठ म्हणून चालू आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही ती झगडली. जिला जन्मानं दार बंद होतं, तिनं इतर बायकांसाठी दारं उघडली.

जिचं नाव कुठेच नाही

आता या शोधातली सगळ्यांत महत्त्वाची स्त्री. ॲनाच्या आईचे वडील विल्यम व्हॉड्री ग्लासकॉट हे १८१० मध्ये हिंदुस्थानात आलेले, मुंबईच्या देशी पायदळाचे अधिकारी. त्यांची नेमणूक कागदावर आहे. मेरी ॲनची आई मात्र कागदावर नाही. ती हिंदी किंवा मिश्रवंशीय असावी, असा मॉर्गन यांचा तर्क आहे. त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरात राहणाऱ्या देशी स्त्रियांबद्दल वह्या बहुधा गप्पच असतात, हे पाहता तो तर्क पटतो. पण तर्क तो तर्कच. तिची भाषा कोणती, गाव कोणतं, ती कधी गेली, याचा एकही शब्द नाही. ॲनानं आयुष्यभर जिला लपवलं असं म्हणतात, तिला वह्यांनी त्याआधीच वगळलं होतं.

आणि इथे आपण आपल्याकडे पाहायला हवं. आपल्या घराघरांतल्या जुन्या वंशावळींत पुरुषांच्या नावाखाली पुरुषांची नावं येतात. आजी येते ती सासरच्या बदललेल्या नावानं, पणजीचं माहेर तर बहुतेकांना सांगता येत नाही. तरी आपल्याकडेही दप्तरं आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तहसिलातली कोतवाल बुकं आहेत. जमिनीच्या फेरफारात वारस म्हणून विधवांची आणि मुलींची नावं असतात. शाळांची जुनी रजिस्टरं आहेत, ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या वह्या आहेत.

या दिवाळीत घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, आईचं नाव, आजीचं नाव, गावं आणि अंदाजे सालं लिहून घ्या, आणि मग ती नोंदींशी ताडून पाहा. जे सापडेल ते लाजिरवाणं वाटलं तरी पुसू नका. ॲनाच्या आजीचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. आपल्या आजीचं नाव अजून सांगता येतं, ते आजच लिहून ठेवा.