जपणूक हीच प्रगती : डेबियन आणि राज्याच्या कडेची मराठी

डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम संगणकावर बसवायला घेतली की ती आधी भाषा विचारते, मग देश, मग कळफलक. भाषांच्या यादीत पंच्याहत्तरांहून अधिक नावे आहेत आणि त्यांत मराठी आहे. मराठी आणि भारत असे निवडले की त्या संगणकावर ‘एमआर_आयएन’ अशी खूण उमटते. पहिली दोन अक्षरे भाषेची, पुढची दोन देशाची. राज्याला या खुणेत जागाच ठेवलेली नाही. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाचे याकडे लक्षही जाणार नाही, पण मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाला त्यातले महत्त्व पटकन उमगेल. १९५० ते १९५६ या काळात जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या जोडीने मराठीही तिथली राजभाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी तहसिलीची भाषा हिंदीच राहिली. इथली घरे मराठी बोलतात, संत्री नागपूरच्या बाजाराकडे जातात आणि सरकारी कागद हिंदीतून येतो. मराठीसाठी महाराष्ट्र सरकार जे करते ते सीमेशी थांबते, आणि भोपाळचे सरकार मराठीसाठी वेगळे काही करील अशी चिन्हे नाहीत. अशा ठिकाणी, कुठल्याही सरकारच्या वा कंपनीच्या मालकीची नसलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम मराठीला जागा देते. ती जागा कशी मिळाली आणि कशावर टिकते, हे समजले तर स्वयंसेवकांच्या कामातली ‘प्रगती’ कशी मोजावी, हेही समजेल.

डेबियनची घोषणा इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. त्याआधी दोन वर्षे लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जाहीर केला होता, आणि १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाने त्याभोवती लागणारी साधने तयार करत आणली होती. हे सुटे भाग गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे, तपासायचे आणि कुणालाही फुकट वापरता येतील, उघडून पाहता येतील, बदलता येतील असे एकत्र बांधून द्यायचे, हे डेबियनने स्वतःकडे घेतलेले काम. आज जगभरचे हजाराच्या आसपास अधिकृत विकासक आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त मदतनीस ते करतात. प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. १९९७ मध्ये स्वीकारलेला ‘सामाजिक करार’ हा प्रकल्पाचा पाया आहे. वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना अग्रक्रम देण्याचे वचन त्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत, ‘ट्रिक्सी’त, ६९,८३० पॅकेजेस आहेत. तिच्या दोन वर्षे आधीच्या ‘बुकवर्म’मध्ये ती ६४,४१९ होती.

हे आकडे पाहून प्रगती म्हणजे वाढ, असे कुणालाही वाटेल. डेबियनच्या कामाची रीत मात्र वेगळेच सांगते. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या विभागात येते. तिथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये सरकते. प्रकाशनाआधी काही महिने टेस्टिंग गोठवले जाते. नवे काही आत घेणे जवळपास बंद होते आणि सगळे हात दोष निवारण्याला लागतात. दोष सुटत नसेल आणि पॅकेज सांभाळणारा कुणी नसेल, तर ते पॅकेज काढून टाकतात. म्हणजे या प्रकल्पाच्या श्रमांचा मोठा वाटा आहे ते चालू ठेवण्यात जातो. संत्र्याच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. कलमे एकदा लावली जातात, पण ताण, पाणी, छाटणी आणि रोगाची राखण दरवर्षी करावी लागते, आणि दोन वर्षे हात आखडला तर बाग पाहता पाहता हातची जाते.

भाषेच्या बाबतीत ही निगा आणखी नाजूक असते. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आला तो २००९ च्या ‘लेनी’ या आवृत्तीत. त्याआधी त्याला चित्ररूप मिळावे लागले, आणि ते २००७ च्या ‘एच’मध्ये मिळाले. यामागचे कारण तांत्रिक आहे. लिनक्सच्या साध्या मजकुरी पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार ठेवता येतात, आणि अक्षरे एकापुढे एक मांडण्यापलीकडे त्याला काही येत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण पडद्यावर आधी दिसते, आणि जोडाक्षरांचे आकार शेजारच्या अक्षराप्रमाणे बदलतात. त्यासाठी अक्षरे जुळवणारे वेगळे इंजिन लागते. हार्फबझ हे असेच इंजिन, तेही मुक्त. त्यामुळे डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आजही चित्ररूपातच मिळते. अक्षररचनेच्या या पायावर मग वाक्यांचे काम येते. मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य, अशा जोड्या ‘पीओ’ नावाच्या फाइलीत असतात. मूळ वाक्यात कुणी दोन शब्द बदलले, तर त्याचे मराठी ‘फझी’, म्हणजे संशयास्पद, ठरते आणि कुणीतरी ते तपासून पक्के करीपर्यंत पडद्यावर इंग्रजी वाक्य दिसते. मराठीला कुणी हात लावत नाही, कुणी ती पुसत नाही. नुसते लक्ष दिले नाही, एवढ्यानेच ती विरत जाते. ग्नोम हा लोकप्रिय डेस्कटॉप वर्षातून दोनदा नव्या आवृत्तीत येतो, म्हणजे भाषांतरकारांची ही परीक्षाही वर्षातून दोनदा होते.

पांढुर्ण्यात हिंदी चालतेच, आणि लिपी तर एकच आहे. मग वेगळ्या मराठीचा हट्ट कशाला, असे कुणी विचारील. लिपी एक असली तरी तिच्यातली मराठी जिथे वेगळी पडते, त्या जागा रोजच्या वापरातल्या आहेत. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र, ‘ॲ’, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ या त्या जागा. युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतःचा संकेतांक मिळाला तोच २००८ मध्ये. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी आकार दाखवायचे तर फॉन्टमध्ये ते वेगळे काढावे लागतात, आणि मजकूर मराठी आहे ही खूण संगणकाने ओळखावी लागते. ती खूण नसेल तर हिंदी वळण येते. त्यामुळे ‘एमआर_आयएन’ निवडण्याचा प्रत्यक्ष परिणाम होतो. शब्दांचा अनुक्रम, महिन्यांची आणि वारांची नावे, तारीख लिहिण्याची रीत हे सगळे तिच्याशी बांधलेले असते. हिंदी पट्ट्यातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालले. त्यात लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. युनिकोड, मुक्त फॉन्ट आणि कळफलकांचे आराखडे यांची जोडणी झाल्यामुळेच सौंसरला लिहिलेले मराठी पत्र नागपुरात जसेच्या तसे वाचता येते.

याहून वजनदार आक्षेप असा, की याला स्वयंसेवकांचे काम म्हणणे कितपत खरे आहे. लिनक्सच्या गाभ्यातला बहुतांश संकेत (कोड) आज पगारी अभियंते लिहितात. मराठीच्या बाबतीतही संस्थांचा हात उघड दिसतो. डेबियनच्या मराठी इन्स्टॉलरचे भाषांतर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या मुंबई केंद्रातील ‘जनभारती’ उपक्रमाच्या गटाने सांभाळले. लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त केले. ते घडवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याची, आणि पुढची देखभालही रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी केली. हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्याला अपेक्षित आहे त्याच्या उलट आहे. कंपन्यांची धोरणे बदलतात, सरकारी उपक्रमांची मुदत संपते आणि माणसे दुसऱ्या कामाला लागतात. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी झालेले कामही त्यांच्याबरोबर जाते. इथे मुक्त परवान्यामुळे ते मागे उरते, आणि पुढच्या कुणालाही तिथून सुरुवात करता येते. भारत सरकारची ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम चेन्नईच्या सी-डॅकने २००७ मध्ये आणली, ती डेबियनवरच बेतलेली होती. सरकारलाही पाया स्वयंसेवकांचाच घ्यावा लागला. पैशाने काम वेगाने पुढे जाते. पैसा निघून गेल्यावर मात्र परवाना आणि उरलेली माणसे एवढाच आधार असतो.

उरलेली माणसे किती थोडी असतात, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. फाइली लहान करणारे ‘एक्सझेड’ हे छोटे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते अनेक वर्षे लासे कॉलिन हा एकटा विकासक फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोनेक वर्षे मदत करत त्याचा विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग विभागांपर्यंत तो पोचलाही. आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाला दूरच्या संगणकावर शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. तो कारण शोधत गेला, आणि २९ मार्चला प्रकरण उघड झाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो बदल पोचलाच नाही. या घटनेतून दोन गोष्टी एकदम सिद्ध होतात. दमलेल्या एकट्या स्वयंसेवकावर एवढा भार ठेवणे धोक्याचे असते. आणि संकेत उघडा असेल, नवे काही थेट सगळ्यांच्या हाती न देता टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असेल, तर बाहेरच्या एका माणसाची चिकाटीही पुरेशी ठरू शकते. स्वयंसेवकांची व्यवस्था भरवशाची नाही, असे यावरून म्हणणे घाईचे होईल. ती माणसांच्या संख्येवर चालते, म्हणून संख्या घटली की धोका वाढतो, एवढे मात्र नक्की.

वेगाची तक्रारही जुनीच आहे. २००२ च्या ‘वूडी’नंतर ‘सार्ज’ यायला जवळपास तीन वर्षे लागली आणि त्या दिरंगाईची टर उडवली गेली. पुढे डेबियनने गोठवणीचे वेळापत्रक ठरवून घेतले, आणि आता साधारण दर दोन वर्षांनी आवृत्ती येते. तरीही ‘तयार झाली की येईल’ ही वृत्ती सुटलेली नाही, आणि ती सुटू नये. जुन्या संगणकांवर भिस्त असलेल्या शाळा, ग्रामपंचायती आणि छोट्या दुकानदारांना नवलाईपेक्षा पाच वर्षे मिळणारी सुरक्षा दुरुस्ती मोलाची आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटी न पुरवणारे चालते संगणक अडचणीत आले. त्यांतल्या बहुतेकांवर डेबियन चालते. मात्र डेबियनही सगळे सांभाळू शकत नाही. ‘ट्रिक्सी’पासून जुन्या ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही, कारण तो भाग तपासत राहायला पुरेशी माणसे उरली नाहीत. इथेही निकाल हातांच्या संख्येनेच लागला.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून मराठी आहे, विंडोजमध्येही आहे, फोन सगळ्यांच्या हातात आहे, आणि डेस्कटॉपवरचे पर्याय मराठीत वाचणारे लोक थोडेच. हे सगळे खरे आहे. कंपन्यांनी मराठी दिली ती मराठी माणसे गिऱ्हाईक म्हणून मोठ्या संख्येने आहेत म्हणून, आणि ती सोय नाकारण्याचे कारण नाही. पण तिथला एखादा शब्द चुकीचा वाटला तर पांढुर्ण्याची शिक्षिका तक्रार नोंदवू शकते, दुरुस्ती करू शकत नाही. डेबियनमध्ये ती करू शकते, आणि ती स्वीकारली गेली की पुढच्या आवृत्तीपासून ती नाशिक, बेळगाव आणि बडोद्याच्या संगणकांवरही दिसते. कुठल्या राज्यातून ती आली, हे कुणी विचारत नाही. आणि पर्याय इंग्रजीत वाचणारालाही मराठी फॉन्ट, मराठी कळफलक आणि मराठी शब्दांचा योग्य अनुक्रम लागतोच. ती सोय ज्यांच्या कामातून येते ते लोक त्याला दिसत नाहीत इतकेच.

म्हणून स्वयंसेवकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमची प्रगती मोजताना ‘नवे काय आले’ यापेक्षा ‘कोण सांभाळते आहे’ हा प्रश्न आधी विचारायला हवा. १९५६ मध्ये पांढुर्णा-सौंसरच्या मराठीचे स्थान एका कायद्याने ठरले आणि तिथल्या लोकांना त्यात फारसे बोलता आले नाही. डेबियनमध्ये तिचे स्थान कायद्याने मिळत नाही आणि लोकसंख्येच्या जोरावरही मिळत नाही. ते कामाने मिळते आणि काम थांबले की जाते. हा सौदा कठोर आहे, पण सीमेवरच्या भाषेला परवडणारा आहे, कारण मोठ्या संख्येची अट त्यात नाही. एखाद्या महाविद्यालयातले पाच-सहा विद्यार्थी आणि एक मराठीचा प्राध्यापक यांनी इन्स्टॉलरच्या मराठी वाक्यांची दर काही महिन्यांनी तपासणी करायचे ठरवले, तर तेवढे बळ पुरेसे आहे. चौदाव्या आवृत्तीचे, ‘फोर्की’चे, काम सुरू झाले आहे आणि तिच्या गोठवणीला अजून अवकाश आहे. तोवर फझी झालेल्या प्रत्येक वाक्याला मराठी वाचणारा कुणीतरी हवा आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच असावा अशी अट कुठेही लिहिलेली नाही.