एल्क म्हणजे नेमके कोणते हरीण?

मुलांच्या प्राण्यांच्या पुस्तकात ‘एल्क’ हा शब्द आला की आपण ‘एक मोठे हरीण’ असे सांगून मोकळे होतो. उत्तर चूक नाही, पण त्यात एक गोम आहे. या एकाच नावाने दोन खंडांत दोन वेगळे प्राणी ओळखले जातात.

युरोपात एल्क म्हणजे उंच पायांचे, लोंबत्या ओठाचे, फावड्यासारख्या पसरट शिंगांचे हरीण. त्यालाच अमेरिकेत मूस म्हणतात. ब्रिटनमधून तर हा प्राणी कधीच नाहीसा झाला होता. लोकांच्या तोंडी उरले होते ते फक्त नाव. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांना तिथे एक भव्य, फांद्याफांद्यांच्या शिंगांचे हरीण दिसले आणि त्यांनी ते नाव त्याला देऊन टाकले. तिथल्या शॉनी लोकांकडे त्याचे नाव आधीच होते : वापिटी, म्हणजे मागचा भाग पांढरा असलेला. प्राणी पाहिला की नाव पटते.

अशीच गफलत आपल्या शेजारीही झाली. एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेत शिकार करणारे इंग्रज तिथल्या सांबराला ‘एल्क’ म्हणत. म्हणजे आपल्या ताडोबा-मेळघाटातले, आपल्या ओळखीचे सांबर!

नावात काय आहे, असे कुणी म्हणेल. पण नाव चुकले की गणतीही चुकते. अमेरिकेतला वापिटी आणि काश्मीरचा हंगुल ही दोन्ही हरणे बराच काळ युरोपातल्या लाल हरणाच्याच पोटजाती मानली जात. अलीकडच्या जनुकीय अभ्यासातून ती वेगळी असल्याचे दिसून आले. लाल हरणे युरोपात भरपूर आहेत. हंगुल मात्र दाचीगाम आणि आसपासच्या भागात काही शेकडेच उरले आहेत. त्यांना लाल हरणांच्या गर्दीत मोजले, तर त्यांची टंचाई दिसणार कशी?

वापिटीनेही हा फटका सोसला आहे. शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेच्या पूर्व भागातले त्याचे कळप एकोणिसाव्या शतकातच संपले. पुढे १९१२ मध्ये वायोमिंग राज्यात त्याच्यासाठी खास अभयारण्य राखले गेले.

तेव्हा मुलांनी पुन्हा विचारले, तर आपण आधी उलट विचारू या : पुस्तक कुठले आहे, युरोपचे की अमेरिकेचे? मग चित्रातली शिंगे दाखवू या. पसरट असतील तर मूस, फांद्यांची असतील तर वापिटी. आणि सोबत आपल्या हंगुलचीही ओळख करून देऊ या.